पाणी आधी मोजा, मग टाकी बनवा

घरात फिशटँक असावी हा शौक चांगला आहे. मुले मोबाईल बाजूला ठेवून माशांपुढे बसतात, दादा-दादींनाही तेवढाच विरंगुळा होतो. पण दुकानातली तयार दोन फुटी टाकी आणणे वेगळे आणि भिंतीच्या मापाने मोठी टाकी बनवून घेणे वेगळे. मोठ्या टाकीत रंग, दिवे आणि मासे नंतर ठरवता येतात. वजन किती आणि वीज गेल्यावर पाणी कुठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र काच कापण्याआधीच हवीत.

पहिला प्रश्न मुलांनाच सोडवायला द्या. टाकी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच, म्हणजे साधारण १२० × ६० × ६० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागले की ४३२ लिटर येतात. एक लिटर पाणी एक किलोचे. १२ मिलिमीटरच्या काचेचे ८५ किलोच्या आसपास, शिवाय वाळू, दगड, स्टँड आणि खालची टाकी धरली तर वजन ६०० किलोच्या पुढे जाते. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात आणि आपली टाकी पाऊण चौरस मीटरही जागा घेत नाही. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही. पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जागा बीमवरच्या भिंतीलगतची बरी. खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीत अशी टाकी ठेवू नये.

उंचीचा मोह टाळावा. पाणी जितके खोल, तितका काचेवर दाब जास्त, म्हणून काच जाड लागते आणि खर्च वाढतो. तळ साफ करताना हातही पोचत नाही. तेवढाच पैसा रुंदीवर घातला तर माशांना वळायला जागा मिळते आणि पाण्याचा पृष्ठभाग वाढून प्राणवायू जास्त मिसळतो. पाळायचा मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो हेही आधी विचारा. बोटाएवढा आणलेला ऑस्कर फूटभर वाढतो. बेजबान जीवाला आयुष्यभर अंग चोरून राहायला लावू नये.

आता ओव्हरफ्लो. मोठ्या टाकीचा फिल्टर बहुधा स्टँडमधल्या दुसऱ्या टाकीत असतो. वरचे पाणी एका काठावरून कोपऱ्यातल्या कप्प्यात सांडते, पाइपने खाली येते, गाळून झाले की पंप ते पुन्हा वर चढवतो. हा काठ जितका लांब, तितका पाण्याचा थर पातळ राहतो. काठाला फणीसारखे दाते ठेवावेत, म्हणजे मासे आत जात नाहीत. पाइपची भोके काच जोडण्याआधी पाडून घ्यावीत. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, काचेचा चुरा होतो.

खाली जाणारे पाइप दोन असावेत. पहिल्यावर व्हॉल्व्ह बसवून तो पाण्याने भरलेला ठेवला की रात्रभर गुळगुळ आवाज येत नाही. दुसऱ्याचे तोंड थोडे उंच ठेवावे. तो एरवी कोरडा असतो. पहिला गोगलगाय किंवा पानाने तुंबला की पाणी दुसऱ्यातून जाते आणि आवाज येतो. तो आवाज म्हणजे इशारा समजा. या दुसऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह किंवा जाळी कधीही बसवू नका.

आपल्याकडे वीज जातेच. पंप थांबला की काठावरचे पाणी खाली उतरते, आणि वर पाणी नेणारा पाइप उलटा ओढू लागतो. त्याचे तोंड पाण्यात खोल असेल तर बरेच पाणी खाली येईल, म्हणून ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. वरच्या मापाच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येते. ३ सेंटिमीटरचे जवळपास २२ लिटर, त्यात कप्प्यातले आणि पाइपमधले धरून ३० समजा. खालची टाकी ९० × ४० सेंटिमीटरची असेल तर तिच्यात १ सेंटिमीटरला ३.६ लिटर मावतात. म्हणजे पंप चालू असताना ती ८-९ सेंटिमीटर रिकामी हवीच, १२ ठेवा. वन-वे व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात कचरा अडकतो.

उलट हिशेबही करा. दोन्ही पाइप तुंबले तर पंप आपल्या कप्प्यातले सगळे पाणी वर चढवेल. ते २० × ४० × २० सेंटिमीटर, म्हणजे १६ लिटर असेल, तर वर सव्वादोन सेंटिमीटर जागा हवी. म्हणून ओव्हरफ्लोचा काठ टाकीच्या वरच्या कडेपेक्षा चार सेंटिमीटर खाली घ्यावा.

टाकी आली की मासे सोडण्याआधी पाणी भरा आणि पंपाचे बटण स्वतः बंद करा. पाणी स्थिर होईपर्यंत खालच्या टाकीकडे पाहा. नंतर पहिला पाइप मुद्दाम बंद करून दुसरा काम करतो का तेही तपासा. बनवणाऱ्याचे उरलेले पैसे या दोन परीक्षांनंतरच द्यावेत. फरशीवर सांडलेले पाणी आपण पुसू, पण खालच्या शेजाऱ्याच्या छताला लागलेली ओल पुसता येत नाही.

आणि एवढा पसारा नको असेल, तर दोन फुटी टाकी आणि साधा फिल्टर घ्या. तिला ओव्हरफ्लो लागत नाही, आणि मुलांचा आनंद त्यामुळे कमी होत नाही.