खिडकीतला उजेड आणि घरचा केक

जयपूरच्या गादीवर १८३५ ते १८८० या काळात असलेले महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, तो ओला असेपर्यंत चित्र घ्यावयाचे आणि लगेच धुवावयाचे, अशी ती खटपटीची रीत. विजेचे दिवे नव्हते. भिस्त सगळी सूर्यावर. त्या काचा सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

त्याच जयपुरात आज घरी केक करून विकणाऱ्या गृहिणीला मात्र वाटते, की चांगल्या छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा आणि दिव्यांचा संच हवाच. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात कर्जाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे. त्यातून ओव्हन घ्यावा, बीटर घ्यावा. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढणे हा या टप्प्यावर निव्वळ अपव्यय होय. हाताशी असलेला मोबाईल पुरतो.

केक खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. उजेड बाजूने आला की कापलेल्या तुकड्याची जाळी, क्रीमच्या लाटा उठून दिसतात. फ्लॅशने त्या सपाट होतात. खोलीतले दिवे बंद करावेत, कारण दिव्याचा पिवळेपणा आणि दिवसाचा निळसरपणा एकत्र आले की रंग बिघडतो. सावलीच्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळोखी कमी होते. खर्च जवळजवळ शून्य! मे-जूनमध्ये दुपारची वाट पाहू नये; जयपूरच्या उन्हाळ्यात क्रीम टिकत नाही, सकाळीच काम उरकावे.

ग्राहक केक चाखून नव्हे, तर चित्र पाहून आगाऊ रक्कम देतो. अशा वेळी संगणकावर रंग गडद करून, दुसऱ्याच्या केकचे चित्र उचलून मिळवलेली मागणी पहिल्या वाढदिवसालाच अंगाशी येते. पतपुरवठा करणाऱ्यांना हे सांगावयास नको. चित्रात दिसतो तोच केक घरपोच मिळाला, तर तोच ग्राहक पुढच्या वर्षी न विचारता येतो.

जयपुरात एक अडचण मात्र खास आहे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी याच रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतले. अशा भिंतीवरून परतणारा उजेड पांढऱ्या क्रीमवर गुलाबी झाक टाकतो. समोर तशी भिंत असल्यास खिडकी बदलावी किंवा मध्ये पांढरी चादर टांगावी. नाहीतर व्हॅनिला केकची चौकशी करणारा स्ट्रॉबेरीचा भाव विचारायचा!