माळ गळाली तेव्हा



मागच्या दशलक्षण पर्वात माझ्या नणंदबाई जाप करत बसल्या होत्या आणि उजव्या हातातली माळ गळून पडली. तोंडातून शब्दही धड फुटेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. "निर्जल उपवास, पित्त चढलं असेल," असं म्हणणारी मीच. पर्व संपू दे म्हणून आम्ही तीन दिवस थांबलो. तीन दिवस! अशा क्षणिक झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मेंदूचा स्कॅन झाला, मग मानेचा कॅरोटिड डॉपलर. म्हणजे पोटाची करतात तशीच सोनोग्राफी. मानेला गार जेल लावून यंत्र फिरवतात. सुई नाही, उपाशी राहणं नाही, अर्ध्या तासात उरकतं. रक्ताचा वेग पडद्यावर दिसतो. नळी जिथे अरुंद तिथे वेग जास्त, पाण्याच्या पाइपवर बोट दाबल्यासारखा. वन्संची डावीकडची धमनी 70 टक्क्यांहून जास्त बंद निघाली. (डाव्या मेंदूचा कारभार उजव्या हातावर, म्हणून माळ गळाली.) शस्त्रक्रिया झाली, आता त्या मंदिरात माझ्याआधी पोचतात.

हे ऐकून मंडळातल्या चौघी पॅकेजमध्ये हीच तपासणी करून घ्यायला निघाल्या. माझं मत विचाराल तर नको. मी कॉमर्सची, जमाखर्च बघते. काही लक्षण नसताना सरसकट ही तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारमान्य गटाने 2014 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये सांगितलं आहे. कारण शंकास्पद रिपोर्टमागून आणखी तपासण्या, मग कदाचित शस्त्रक्रिया, आणि त्या शस्त्रक्रियेतच पक्षाघात होऊ शकतो. त्यापेक्षा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघा. मिस्रीचा डबा फेकून द्या. (कुणाला म्हणतेय ते तिला कळलं असेल.) आणि उपवासात बीपीची गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. वन्संनी यंदा एकाशनच केलं, गोळी त्याच वेळी घेतली.

पण तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी घरी बसू नका. रुग्णवाहिकेचा नंबर 108. माळेच्या मण्यांइतकाच.