हिमाने जपलेली धूळ

धूळ म्हटली की ती झटकून टाकावयाची, असाच आपला समज असतो. परंतु धूमकेतू व लघुग्रह यांपासून सुटून पृथ्वीवर येणारी धूळ वेचण्यासाठी शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातील दारुण थंडी आनंदाने सोसतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अशी सुमारे 5200 टन धूळ दरवर्षी भूपृष्ठावर उतरते. मग तिच्यासाठी इतक्या दूर का जावे? कारण आपल्याकडे शेतातील माती, चुलीचा धूर आणि कारखान्यांची काजळी यांत हे सूक्ष्म कण हरवून जातात.

कॉन्कॉर्डिया हे फ्रान्स व इटली यांचे संशोधनकेंद्र समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे 1100 किलोमीटर आत आहे. तेथे पृथ्वीवरील धूळ जवळजवळ पोहोचत नाही आणि हिमही थोडेच पडते. झाँ द्युप्रा व त्यांचे सहकारी यांनी तेथील स्वच्छ थर खणले, ते हिम वितळविले, गाळले आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पारखले. कोह्नेन या जर्मन केंद्राजवळील 500 किलो हिमात तर लोह-60 हे किरणोत्सारी द्रव्य आढळले. ही गोष्ट 2019 साली प्रसिद्ध झाली. दर 26 लाख वर्षांनी हे लोह निम्मे होते. म्हणून पृथ्वीच्या जन्मकाळचे लोह-60 केव्हाच संपले. हिमात सापडलेले लोह स्फोट पावलेल्या एखाद्या दूरच्या ताऱ्याचे होय, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

‘एवढ्या श्रमांनी चिमूटभर धूळ मिळाली, तिचा उपयोग काय?’ असे व्यवहारी मनुष्य विचारील. परंतु ज्ञानाचे मोल तराजूत होत नाही. ज्या द्रव्यातून सूर्यमाला घडली, त्याचा पुरावा या चिमटीत आहे; तो दुसऱ्या कोणत्याही खजिन्याने विकत मिळणार नाही.

मात्र हा पुरावा वाचता येतो, तो हिम निर्मळ आहे म्हणूनच. अंटार्क्टिकात खनिजांसाठी खाणकाम करू नये, असे 1991 च्या माद्रिद करारात राष्ट्रांनी ठरविले, हे योग्यच झाले. पण दूरदेशीच्या धुराड्यांतून निघालेली काजळी वाऱ्यावर स्वार होऊन जाते. तिला करारांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून हिमातील कण वेचणे हे जसे शास्त्रज्ञांचे काम, तसे ते हिम निर्मळ राखणे हे सर्व मानवजातीचे कर्तव्य होय. पुस्तक वाचण्यापूर्वीच त्याची पाने मळविणाऱ्यास ज्ञानाची आवड आहे, असे कोण म्हणेल?