मुलांचं कार्ड हरवतं, तेव्हा नक्की काय हरवतं?

मंडळी, रविवारी संध्याकाळी लिटिल इंडियातून मुलांना घेऊन चालणं म्हणजे कसरतच. एका हातात टेक्का मार्केटमधली मेथी-कोथिंबीर, दुसऱ्या हातात मुलाचा हात आणि सेरंगून रोडवर पाय ठेवायला जागा नाही. अशा गर्दीत पाकीट पडलं, तर पैशांपेक्षा जास्त धसका कार्डांचा बसतो. त्यातून मुलाचं कार्ड असेल तर बघायलाच नको. 'आता पोलिसांकडे जायचं की हायकमिशनमध्ये?' असे फोन आम्हाला अधूनमधून येतात, म्हणून हा विषय घेतला आहे.

आधी घाबरण्याचं कारण नाही, हे सांगतो. सिंगापूर सरकारनं दिलेलं कार्ड हरवलं तर हायकमिशनचा त्याच्याशी संबंध नाही. कार्ड ज्या खात्यानं दिलं, त्याच खात्याकडे जायचं. आई किंवा बाबा एम्प्लॉयमेंट पासवर असतील तर मुलांकडे बहुधा डिपेंडंट पास असतो. तो मनुष्यबळ मंत्रालयाचा. त्याच्या नव्या कार्डाचा अर्ज आपण नाही, आपली कंपनी किंवा तिनं नेमलेला एजंट करतो. म्हणजे चिरंजीवांचं कार्ड हरवलं की पहिला फोन एचआरला! पीआर मुलांना पंधराव्या वर्षी निळं एनआरआयसी मिळतं, ते आयसीएचं. ते हरवलं तर १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. दोन्हीकडे पहिल्या वेळी १०० डॉलर आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ३०० डॉलर. आयसीएची कॅलांग रोडची जुनी इमारत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. २०२५ पासून तिच्या शेजारीच क्रॉफर्ड स्ट्रीटवर नवं सेवा केंद्र सुरू झालं आहे. अर्थात आता बरीचशी कामं घरबसल्याच होतात.

पण आम्हाला खरं लिहायचं आहे ते यापुढचं.

गेल्या काही वर्षांत कार्ड ही वस्तूच हळूहळू नाहीशी होते आहे. २९ मे २०२२ पासून इथले जन्मदाखले डिजिटल झाले. २७ फेब्रुवारी २०२३ पासून स्टुडंट्स पासचंही प्लास्टिक कार्ड बंद झालं. जे कार्डच नाही ते हरवणार कसं? सोय उत्तम आहे यात वाद नाही. फक्त मुलांच्या बाबतीत एक अडचण आहे. सिंगपास पंधरा वर्षांच्या आत मिळत नाही. त्यामुळे मुलाची ओळख असते आई-बाबांच्या लॉगिनमध्ये. पूर्वी कपाटातल्या फाईलमध्ये आजीलासुद्धा दाखला सापडायचा, आता तो एकाच्या फोनमध्ये असतो आणि तो माणूस नेमका जकार्त्याला टूरवर गेलेला असतो.

आम्ही संगणकवाले, त्यामुळे आमच्या भाषेत सांगायचं तर कार्ड म्हणजे नुसता प्रिंटआउट. खरी गोष्ट म्हणजे डेटाबेसमधली नोंद. प्रिंटआउट शंभर डॉलरात परत मिळतो. नोंदच चुकीची असेल किंवा नसेलच, तर मात्र पैसे टाकून काम होत नाही. आणि आपल्या मुलांच्या नोंदी तर दोन देशांत असतात.

इथे जन्मलेल्या मुलाचंच बघा. केवळ इथे जन्म झाला म्हणून सिंगापूरचं नागरिकत्व मिळत नाही. आई-वडील भारतीय असले तरी भारताचंही आपोआप मिळत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४ नुसार जन्माची नोंद वर्षाच्या आत हायकमिशनमध्ये करावी लागते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा हॉल बुक करण्याआधी हे काम झालं आहे ना, एवढं बघा.

दुसरा घोळ नावाचा, आणि तो खास आपला मराठी आहे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत. एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नाही. कार्ड नव्यानं काढायची वेळ आली की सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले जातात आणि तेव्हा कळतं. त्यात महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येईल. निर्णय आम्हाला मनापासून आवडला. आईचं नाव यायलाच हवं होतं. पण बाळंतपणाला माहेरी जाणं आपल्याकडे अजून आहे. थोरल्याचा दाखला तीन शब्दांचा आणि पुण्यात जन्मलेल्या धाकटीचा चार शब्दांचा, असं एकाच घरात होऊ शकतं. मग पासपोर्टवर आणि इथल्या पासवर तेच नाव जसंच्या तसं जायला हवं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी भारतीय पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे त्यातली चूक आता पूर्वीपेक्षा महाग पडते.

राहता राहिलं आधार. परदेशस्थ भारतीयांना १८२ दिवस न थांबता भारतीय पासपोर्टवर ते काढता येतं, ही सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार निळं असतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. ते पाचव्या आणि मग पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, म्हणजे तेव्हा भारतात जाणं आलंच. हे कार्ड हरवलं तरी नंबर तोच राहतो आणि कार्ड पुन्हा डाउनलोड करता येतं. फक्त त्याचा ओटीपी आधारशी जोडलेल्या भारतातल्या मोबाईलवर जातो. बहुतेक घरांत तो नंबर आजोबांचा असतो किंवा आपण सिंगापूरला येताना सोडून दिलेला. डिसेंबरच्या सुट्टीत जाल तेव्हा तो नंबर चालू आहे का ते बघा, आणि आजोबांना ओटीपी वाचून दाखवायची सवय करून घ्या. फक्त आपल्यालाच हं, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही!