परीक्षकांचीही परीक्षा

विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे हा विद्यापीठांचा नित्यक्रम. परंतु खुद्द विद्यापीठाचाच निकाल राखून ठेवला गेला तर काय होते? अमेरिकेतील दोन प्रकरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे, अठरा वर्षे नाममात्र वर्ग चालले आणि ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांत नावे घातली, असे २०१४ च्या चौकशी अहवालाने उघड केले. अधिस्वीकृती देणाऱ्या प्रादेशिक संस्थेने जून २०१५ मध्ये या विद्यापीठास वर्षभर परिवीक्षेखाली, म्हणजे 'प्रोबेशन'वर, ठेविले. याच संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये केंटकीतील लुईव्हिल विद्यापीठावरही हीच कारवाई केली. तेथील दोष वेगळा होता. राज्याचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी विद्यापीठाचे विश्वस्त मंडळच एका आदेशाने बरखास्त केले होते!

परिवीक्षेने संशोधनाचा पैसा तत्काळ आटतो, ही समजूत मात्र बरोबर नाही. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये विद्यार्थ्यांना मिळणारे संघीय अर्थसाहाय्य अधिस्वीकृतीवर अवलंबून असते. पण परिवीक्षेच्या काळात अधिस्वीकृती कायमच राहते. संशोधनाची अनुदाने तर त्या त्या प्रकल्पाची तज्ज्ञांनी केलेली पारख पाहून दिली जातात. चॅपेल हिलचा सुमारे एक अब्ज डॉलरांचा वार्षिक संशोधनव्यवहार या शिक्षेने कोसळला नाही. जून २०१६ मध्ये तेथील व डिसेंबर २०१७ मध्ये लुईव्हिलची परिवीक्षा उठली.

मग या शिक्षेत दंश तो कोणता? आमच्या मते तो पतीचा आहे. अधिस्वीकृती खरोखरच गेली तर विद्यार्थ्यांचे साहाय्य जाईल, या नुसत्या शक्यतेनेच नामांकित प्राध्यापक येण्यास कचरतो, हुशार संशोधक-विद्यार्थी दुसरे दार ठोठावतो आणि देणगीदार हात आखडता घेतो. अनुदान माणसांच्या कर्तृत्वावर येते. माणसेच पांगली तर अनुदान कोणाच्या नावे यावे? शिवाय एका विभागाचा डाग निरपराध विभागांच्या पदव्यांनाही लागतो.

तथापि लुईव्हिलचा धडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. गव्हर्नरच्या हस्तक्षेपावर बोट ठेवण्याचे धैर्य त्या संस्थेस झाले, कारण ती सरकारची बटीक नव्हती. आपल्याकडे १९९४ मध्ये स्थापन झालेली 'नॅक' ही विद्यापीठ अनुदान आयोगाचेच अपत्य. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी ३.५१ वा अधिक गुण मिळविणारे विद्यापीठ स्वायत्ततेच्या पहिल्या वर्गास पात्र ठरविले. गुणांना असा भाव आला की ते विकत घेण्याचा मोहही आलाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. परंतु प्रामाणिकपणे श्रेणी मिळविणाऱ्या संस्थांकडेही लोक संशयाने पाहू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

परिवीक्षा ही विद्यापीठाची मानहानी नव्हे, ती सुधारण्याची संधी आहे; पण ती देणारा हात स्वच्छ आणि स्वतंत्र हवा. तसा हात आपण निर्माण केला नाही, तर आपल्या विद्यापीठांच्या भिंतींवर श्रेणी झळकतील, आणि त्यांवर विश्वास मात्र कोणी ठेवणार नाही.