रोबोवर राज्य येऊ द्या

वसई-विरारमधली अभियांत्रिकीची मुले रोबो बनवतात तेव्हा वेल्डिंगपासून कोडिंगपर्यंत रात्री जागवतात. ही मेहनत खरी आहे. पण टेकफेस्टमध्ये त्या रोबोला काम मिळते ते शर्यतीचे, नाहीतर दुसऱ्या यंत्राला उलथवण्याचे. माणूस राहतो जाळीपलीकडे, हातात रिमोट घेऊन. उद्या हीच मुले बालवाडीसाठी किंवा आजीआजोबांच्या सोबतीसाठी यंत्रे घडवणार असतील, तर त्या यंत्रांना माणसांत वावरायची रीत खेळातूनच शिकवावी लागेल.

सॅन दिएगोच्या एका पाळणाघरात सोनीचा क्यूरिओ हा छोटा रोबो 5 महिने मुलांमध्ये ठेवला होता. मुले दीड ते दोन वर्षांची. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली एक गोष्ट फार बोलकी आहे. क्यूरिओ नुसताच ठरलेला नाच करू लागला तेव्हा मुलांचा रस आटला. डोक्याला हात लावताच तो खुदकन हसू लागला, तशी ती त्याच्याकडे अधिक ओढली गेली. तो आडवा झाला की त्याच्यावर पांघरूणही घालत. आपण काही केले की समोरून लगेच उत्तर येते, एवढ्यावर त्यांची गट्टी जमली.

आपल्याकडेही कल्पनेचा तुटवडा नाही. पुण्यात बालेवाडीला 2014 साली झालेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉन या रोबो स्पर्धेत पालक रोबोने बाळ रोबोला सी-सॉ, झोपाळा आणि जंगल जिमवर न्यायचे होते. सुंदर विषय, फक्त बाळही यंत्रच होते.

वसईत दर डिसेंबरअखेर कला-क्रीडा महोत्सव भरतो. तिथे एक कोपरा रोबो आणि लहान मुलांच्या लपाछपीला द्यावा. रोबोवर राज्य आले की त्याने आकडे मोजावेत आणि मोजून होईपर्यंत कॅमेरा खरोखर बंद ठेवावा. सगळे पाहू शकणाऱ्या यंत्राने नियम म्हणून न पाहणे, विश्वासाची सुरुवात इथूनच होते. धप्पा बसला तर पुन्हा राज्य घ्यावे. कच्चा लिंबू कोण हे ओळखून त्याला सांभाळून घ्यावे. हे प्रोग्रॅममध्ये उतरवणे शर्यत जिंकण्याहून कितीतरी अवघड आहे. यंत्र हलके आणि मऊ असावे, त्याने मुलांची छायाचित्रे साठवू नयेत. आणि गुण वेगाला देऊ नयेत. आज खेळलेले मूल उद्या आपणहून पुन्हा आले, तर तो रोबो बनवणाऱ्या चमूला द्यावेत.