दोन इंजिनांची बोट अडखळतेय: दोष टायमिंगचा की पेट्रोलचा?

अमेरिकेत 2022 पासून उन्हाळ्यात 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई15, विकायला तात्पुरती सूट मिळत आली आहे. बोटींसाठी मात्र ते वापरायला मनाई आहे. पण बोट ट्रेलरवर ठेवून रस्त्यावरच्या पंपावर टाकी भरणाऱ्याच्या हातून चूक सहज होते.

यात टायमिंग कुठून आलं? पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क पडायला हवा. तो उशिरा पडला, तर इंजिन तापतं आणि ताकद घटते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, तो जुन्या कार्बुरेटरला जमेस धरता येत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि लक्षणं जवळपास तशीच दिसतात. मग मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवत बसतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

दोन इंजिनं असण्याचा इथे फायदा होतो. एकाच पंपाचं पेट्रोल भरल्यावर दोन्ही एकदम बिघडली, तर आधी इंधन तपासावं. एकच अडखळत असेल, तर त्या बाजूचे प्लग, वायर आणि टायमिंग पाहावं. मात्र शेजारच्या इंजिनाची नक्कल करू नये. जुन्या बोटींत अनेकदा एक इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे त्याचा फायरिंग ऑर्डरही उलटा असतो.

खर्च वाचवायला मोटारीचा डिस्ट्रिब्युटर बसवणं सर्वात घातक. बोटीच्या बंदिस्त इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साचते. बोटीसाठीच्या डिस्ट्रिब्युटरमधली ठिणगी त्या वाफेला पेटवू शकत नाही, मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरमधली पेटवू शकते.